कारखानीसकाका आणि त्यांचा टब

मेडनहेडच्या आमच्या मंडळात संक्रांतीच्या कार्यक्रमाला एका नव्या जोडप्याशी ओळख झाली. मी आधी लीड्सला होते म्हटल्यावर त्यातला नवरा एकदम म्हणाला, "मग ते रणगाडावाले डॉक्टर तुम्हाला माहीत असतील!" मला हसू आलं आणि रागही आला. रागाचं कारण असं, की कारखानीसकाकांसमोर ‘रणगाडा’ हा शब्द काढायची आमच्या अख्ख्या गल्लीत कुणाची छाती नव्हती. मी एकदाच काढला होता. "रणगाड्याला पट्टे असतात. हिला चाकं आहेत," काका म्हणाले. "तू अपेंडिक्सला किडनी म्हणतेस का?" मी म्हटलं, मी दोन्हींना पोटातलं काहीतरी म्हणते. त्यानंतर आठवडाभर त्यांनी माझ्याशी फक्त हवामानावर गप्पा मारल्या.

तर तो रणगाडा नव्हता. ती होती चिलखती टेहळणी गाडी. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जर्मन सैन्याने बनवलेल्या अगदी पहिल्या हलक्या गाड्यांपैकी एक, आणि तीही खरी नव्हे, काकांनी आपल्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी उभी केलेली तिची प्रतिकृती.

नागपूरहून नोकरीसाठी लीड्सला गेले तेव्हा मी एका सेमीमध्ये भाड्याने राहत होते. सेमी म्हणजे दोन घरांना मिळून एक भिंत. माझ्या नशिबी ती भिंत कारखानीसांची आली. पहिल्याच रविवारी सकाळी पलीकडून ठाण् ठाण् सुरू झालं. मी मूळची चिडकी, त्यात रविवार. पायांत सपाता अडकवून तक्रार करायला गेले. गॅरेजचं दार अर्धं वर होतं. आत उंच, किडकिडीत म्हातारा, अंगावर बॉयलर सूट, डोक्याला माकडटोपी आणि पुढ्यात हिरव्या कापडावर ओळीने मांडलेले पाने आणि हातोड्या. त्याने माझ्याकडे न बघताच हात मागे केला आणि म्हणाला, "थर्टीन मिलिमीटर." मी गोंधळून इकडे तिकडे बघितलं आणि कापडावरचा तेरा आकड्याचा पाना त्याच्या हातात ठेवला. तेव्हा त्याने वळून पाहिलं.

"मराठी?"

"हो. नागपूरची."

"वाटलंच. इथल्या लोकांनी आधी ‘एक्सक्यूज मी’ म्हटलं असतं. आत ये, पण डोकं सांभाळ, पेशंट आडवा आहे."

तक्रार राहून गेली. ती पुढे कधी झालीच नाही.

डॉक्टर यशवंत कारखानीस हे हाडांचे सर्जन. लीड्सच्या हॉस्पिटलात आयुष्य घालवून निवृत्त झाले, पण ऑपरेशन थिएटर काही त्यांच्यातून गेलं नाही. काम सुरू करण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायचे, पुढच्या मिनिटाला ते ग्रीसमध्ये घालायचे असले तरी. गाडीला ते कायम ‘पेशंट’ म्हणत. चिरलेला पत्रा म्हणजे फ्रॅक्चर, वेल्डिंग म्हणजे टाके. थंडीत काम संपलं की गाडीवर जुनं लोकरीचं ब्लँकेट घालत आणि ते नीट खोचत. एकदा मी हसले तर म्हणाले, "हसू नको. रात्री मायनस होणार आहे."

त्यांना ही गाडी का आवडायची, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं. दुसऱ्याचं ऐकून घ्यायचं म्हटलं की मला डुलकी लागते, पण त्या दिवशी लागली नाही. पहिलं महायुद्ध हरल्यावर जर्मनांवर तहाची बंधनं आली, चिलखती गाड्या बनवायची धड मुभा नव्हती आणि पैसाही नव्हता. मग त्यांनी काय केलं, तर एक साधी घरगुती मोटार घेतली आणि तिच्यावर पोलादी पत्र्याच्या भिंती चढवल्या. वर छप्पर नाही. पाऊस आला की आत पाऊस. बहुतेक गाड्यांत रेडिओसुद्धा नाही, निरोप द्यायचा तर झेंडा हलवायचा. मागे एक मशीनगन, पुढे एक ड्रायव्हर, संपली फौज. तिच्याच सैनिकांनी तिचं नाव पाडलं ‘आंघोळीचा टब’.

"सगळे लोक मोठमोठ्या रणगाड्यांच्या मागे असतात," काका म्हणाले. "ही बिचारी आतून फॅमिली कार आणि वरून पत्रा. तिच्याच लोकांनी तिची टिंगल केली. मी या देशात आलो तेव्हा मी असाच होतो गं. आतून यशवंता, वरून सूट आणि टाय. वॉर्डात पाय ठेवताना रोज वाटायचं, पहिल्याच गोळीत आरपार जाणार."

त्यांच्या मते अशी अस्सल गाडी आता जगात कुठे शिल्लक नाही. मी ते पडताळून पाहिलेलं नाही, पण काकांना त्या गोष्टीचं फार दुःख होतं आणि थोडा आनंदही होता, कारण मग चूक काढणार कोण?

तरी एका बाबतीत ते कडक होते. गाडीवर जर्मन सैन्याचं एकही चिन्ह त्यांनी काढलं नाही. नुसता राखाडी रंग. डेरेक म्हणून त्यांचा एक मित्र होता, शहराबाहेर शेत असलेला, वेल्डिंगमध्ये हात चालणारा, लाल गालांचा माणूस. गाडीखालची जुनी इंग्लिश चेसी, म्हणजे चाकांवरचा सांगाडा, त्याच्याच कोठारात सापडली होती. त्याने एकदा सुचवलं की दारावर एखादा क्रॉस काढला तर ऑथेंटिक दिसेल. काका म्हणाले, "नो, डेरेक." मग मला मराठीत म्हणाले, "ही पुढे दुसऱ्यांच्या देशांत घुसलेली गाडी आहे. पेशंटची हिस्टरी माहीत हवी. तिचा अभिमान कशाला?"

बंदूकही नव्हती. तो मात्र काकूंचा हुकूम. मागच्या भागात बंदूक बसवायचा उभा लोखंडी खांब होता, त्याच्यावर काका खोटी मशीनगन लावणार होते. मंदाकाकूंनी स्वयंपाकघरातून निकाल दिला, "खोटी नाही आणि खरी नाही. माझ्या घरात बंदूक येणार नाही." तो खांब तसाच बोडका राहिला. त्यावर काका आपला कोट टांगत.

काकूंबद्दल सांगायलाच हवं. बुटक्या, गोऱ्या, पेणच्या. लीड्समधल्या निम्म्या मराठी मुलांचं पहिलं अंघोळपाणी त्यांनी केलेलं, कारण त्या मिडवाइफ होत्या. त्यांच्या घरातून गॅरेजमध्ये उघडणारं एक दार होतं आणि त्या दाराचा उंबरठा काकूंनी कधी ओलांडला नव्हता. चहा पायरीवर ठेवायच्या आणि दार लावून घ्यायच्या. "तिकडे त्यांचं हॉस्पिटल, इकडे माझं घर," असं त्यांचं म्हणणं. चिडल्यात असंही नाही. त्या गॅरेजविषयी शेजारच्या गावाविषयी बोलावं तसं बोलत. ‘तिकडे आज पाऊस दिसतोय’ म्हणजे काकांचं काहीतरी बिघडलंय.

काकांनी गल्लीला कसं कामाला लावलं तेही ऐकण्यासारखं आहे. त्या गाडीचे पत्रे सगळे तिरके, एकही कोन सरळ नाही. पोलाद कापण्याआधी काका प्रत्येक पत्रा पुठ्ठ्यात कापून बघत, आणि पुठ्ठा त्यांना लागे तो कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांचाच. दुसरा चालत नसे. "याची जाडी पेशंटला मानवते," म्हणत. मग कचरागाडी यायच्या आदल्या दिवशी गल्लीतले सगळे गोरे आणि काळे शेजारी आपापली रिकामी खोकी कारखानीसांच्या दारात आणून ठेवू लागले. नव्याने राहायला आलेल्या एका बाईंना वाटलं, या घरात निदान पंधरा मुलं असतील आणि बिचारी फक्त कॉर्नफ्लेक्स खाऊन जगतात. त्यांनी एक दिवस शेपर्ड्स पाय, म्हणजे खिम्यावर बटाट्याचा थर भाजलेली इंग्लिश डिश, करून आणली. काकूंनी ती घेतली, धन्यवाद दिले, आणि गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडल्या नाहीत. त्या बाईंनी ख्रिसमसपर्यंत अन्न पाठवलं. काका म्हणाले, "मंदा, हे बरं नाही." काकू म्हणाल्या, "अहो, मग सांगा ना तुम्ही जाऊन, की खोकी कशाला लागतात." काका गेले नाहीत. ती शेपर्ड्स पाय उत्तम होती.

अशा रीतीने गाडी तयार होत आली. पुढच्या पोलादी पत्र्यात ड्रायव्हरसमोरची झापड आणि तिच्यातली अरुंद फट कापून झाली, सीटा शिवून झाल्या, इंजिन सुरू झालं तेव्हा माझ्या घरातली ताटं वाजली. उन्हाळ्यात डेरेकच्या शेजारच्या शेतावर जुन्या लष्करी गाड्यांचा मेळा भरायचा. हौशी लोक आपापल्या गाड्या आणत, दोरीने आखलेल्या मैदानात एकेक फेरी मारत. काका वर्षानुवर्षं दोरीच्या अलीकडे उभे राहून टाळ्या वाजवत आले होते. त्या उन्हाळ्यात ते पलीकडे असणार होते. एवढंच त्यांना हवं होतं. बक्षीस नको, पेपरात फोटो नको. आपण बांधलेला टब आपण हाकत एक फेरी.

आणि मग स्क्रू दिसेनासे झाले.

मी तिथेच होते. काका एका स्क्रूवर पेचकस टेकवत होते आणि तो घसरत होता. पुन्हा टेकवला, पुन्हा घसरला. ते थांबले, मान जरा वाकडी केली, पुन्हा सरळ केली. मग अगदी शांतपणे म्हणाले, "मुक्ता, आतून चौकटीचा कागद आण." मी आणला. त्यांनी एक डोळा झाकून तो बराच वेळ पाहिला. "रेघा वाकड्या दिसतात. मधे काहीच नाही. कडेचं सगळं दिसतंय, तुझे कान दिसतात. नाक नाही." ते स्वतः डॉक्टर. त्यांना पुढचं सांगायची गरज नव्हती.

डोळ्यांच्या क्लिनिकमध्ये इंजेक्शनं सुरू झाली. आहे ते टिकवता येईल, गेलेलं परत येणार नाही, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. घरी येऊन काकांनी कोट न काढता लायसन पाकिटात घातलं आणि पोस्टात टाकून आले. कुणी मागण्याआधी. काकू मला म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी बाजूला बसून ‘अहो, हळू’ म्हणत आले. आज त्यांना कुणीच काही म्हणायला नको, तर मला रडूच आलं."

गाडीबद्दल मात्र घरात कुणी बोलेना. गॅरेजचं दार बंद. इतके दिवस मी ज्या ठाण् ठाणला शिव्या दिल्या ती थांबली तर मला रविवारी सकाळी झोप लागेना. शेवटी डेरेक आला. त्याने टोपी हातात घेऊन काकांना सांगितलं की मेळ्यात मी चालवतो, डॉक, तू माझ्या मागे बस.

"काइंड ऑफ यू," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले आणि मराठीत तुटून पडले. "पेशंट माझा. ऑपरेशन दुसऱ्याने करायचं आणि मी बाहेर बाकावर बसायचं? त्यापेक्षा ती गॅरेजात राहिलेली बरी." मी त्यांना इतकं दुखावलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "काका, पण समोरचं दिसत नाही, तर चालवणार कसे?"

"खऱ्या ड्रायव्हरला तरी कुठे दिसायचं?" ते उसळून म्हणाले. "गोळीबार सुरू झाला की झापड बंद! मग काय, या एवढ्याशा फटीतून बघा. अशा गाड्यांत मागे उंचावर बसलेला माणूस पाहायचा आणि पायाने याच्या खांद्यावर दाबायचा. डावा खांदा, डावीकडे. उजवा, उजवीकडे. दोन्ही, थांब. गाडी बांधलीच अशी आहे, की चालवणाऱ्याने मागच्यावर विश्वास ठेवायचा!" बोलता बोलता त्यांचा आवाज उतरला. "पण मागे बसायला आहे कोण?"

पायरीवर कपबशी वाजली. काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या, किती वेळ ते माहीत नाही. त्यांनी ट्रे पायरीवर ठेवला नाही. ट्रेसकट उंबरठा ओलांडून आत आल्या, गाडीच्या बॉनेटवर तो ठेवला आणि म्हणाल्या, "मी बसते मागे."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. म्हणजे त्यांच्या जरा बाजूला पाहिलं, कारण आता त्यांना माणूस तसाच दिसे.

"बॉनेटवर ट्रे नको, मंदा. रंग आहे," ते म्हणाले. मग रुमाल शोधू लागले.

डेरेकने मेळ्यावाल्यांशी बोलून घेतलं. मैदान खाजगी, त्यामुळे लायसनचा प्रश्न नाही. पण मैदान पूर्ण रिकामं हवं, पहिल्या गिअरमध्ये चालण्याच्या वेगाने एकच फेरी, लाल झेंडा दिसला की थांबायचं. शिवाय मागच्या माणसाच्या हाताशी इंजिन बंद करायचं बटण. ते काकांनीच बसवून घेतलं. "मला काही झालं तर," ते म्हणाले, "तू मला बंद करायचं नाहीस, गाडीला करायचं."

डेरेकच्या शेतावर सराव सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी घोडं अडलं. काकू मागच्या उंच बैठकीवर चढल्या, एक हात त्या बोडक्या खांबावर, दुसरा बटणावर, आणि खाली बघून म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला पाय लावायचा?"

"मग कसं सांगणार?"

"नवऱ्याच्या खांद्यावर पाय? अहो, तुमचं काहीतरीच!"

हातांनी करू म्हटलं तर दोन्ही हात गुंतलेले. ओरडून सांगू म्हटलं तर त्या इंजिनापुढे काही ऐकू येईना. काकांच्या दंडांना दोऱ्या बांधून पाहिल्या, तर काका म्हणाले मी टांग्याचा घोडा नाही. शेवटी काकूंनी चपला काढल्या, स्वतः विणलेले धुतलेले मोजे चढवले, डोळे मिटले आणि उजव्या पायाचा अंगठा काकांच्या खांद्याला टेकवला. गाडी उजवीकडे वळली. आणि काकूंनी खांब सोडून, पाय लागल्यावर आपण करतो तसा, हात त्यांच्या खांद्याला लावून छातीशी नेला. गाडी गचकली. काकू आत कोसळता कोसळता राहिल्या.

"मंदा! नमस्कार नको करूस!"

"होतो आपोआप!"

"मग सगळे साठवून ठेव. घरी गेल्यावर एकदम कर."

पण हात काही ऐकेना. प्रत्येक वळणाला पाय, आणि पायामागोमाग नमस्कार. डेरेकला वाटलं हा आपल्याकडचा काही लष्करी संकेत असावा. मी त्याला समजावलं. तो ऐकून घेत राहिला, मग म्हणाला, "एव्हरी टाइम? फॉर अ फूट?" आणि त्याने खांबाला एक चामडी पट्टा बसवून दिला. तो कमरेला बांधला की काकूंचा एक हात नमस्काराला मोकळा.

मेळ्याच्या दिवशी आमच्या त्या यॉर्कशर भागाच्या नियमाप्रमाणे पाऊस भुरभुरत होता. मोठमोठे ट्रक आणि तोफा ओढणाऱ्या गाड्या फेऱ्या मारून गेल्या. मग मैदान रिकामं केलं गेलं आणि कोपऱ्यातून आमचा राखाडी टब निघाला. पुढे माकडटोपी. मागे, उघड्या आभाळाखाली, काठापदराच्या साडीवर वॉटरप्रूफ जॅकेट घातलेल्या मंदाकाकू. दोरीपलीकडच्या लोकांत आधी हशा पिकला. जर्मन गाडीत आजीबाई हे दृश्यच तसं होतं. मी डेरेकच्या शेजारी उभी होते आणि मला त्या हसणाऱ्यांना चार शब्द सुनवावेसे वाटत होते.

पहिलं वळण आलं. काकूंचा उजवा पाय, गाडी उजवीकडे, आणि लगेच हात खांद्याला लागून छातीशी. दोरीजवळच्या लोकांना वाटलं त्या आपल्यालाच अभिवादन करतायत. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. त्याच्या शेजारणीने हात हलवला. दुसऱ्या वळणाला काकूंनी पुन्हा हात छातीशी नेला आणि तिकडची सगळी रांग हात हलवू लागली. हसणं कधी थांबलं आणि टाळ्या कधी सुरू झाल्या कळलं नाही. काकूंना त्यातलं काही दिसत नव्हतं. त्यांची नजर समोरच्या गवतावर खिळलेली होती, कारण आता त्यांनाच दोघांचं बघायचं होतं.

फेरी पुरी होत आली. गाडी आमच्या दिशेने सरळ येत होती, तेव्हा मला उघड्या झापडीमागे काकांचा चेहरा दिसला. ते गात होते. काय ते इंजिनाच्या आवाजात समजलं नाही, पण तोंड पूर्ण उघडं होतं. डेरेकने लाल झेंडा वर केला. काकांना तो दिसणं शक्यच नव्हतं. काकूंनी पाहिला. त्यांनी झेंड्याकडे पाहिलं, मग खाली काकांच्या पाठीकडे पाहिलं. बटणावरचा हात त्यांनी उचलून मांडीवर ठेवला.

दोन्ही पाय टेकायचे होते. टेकला तो एकच, उजवा. टब आमच्या पुढून संथपणे वळला आणि दुसऱ्या फेरीला लागला.

"शी सॉ मी," डेरेक म्हणाला. "शी डेफिनेटली सॉ मी." झेंडा त्याने हळूच पाठीमागे लपवला.

पावसात ते दोघं लांब लांब जात होते. मी काकूंच्या हाताकडे बघत राहिले. पण या वेळी नमस्कार झाला नाही. पाय त्यांनी काकांच्या खांद्यावर तसाच राहू दिला होता.